ऐकणाऱ्यांची शाळा



शाळेचा दिवस एका शब्दाने सुरू होतो. बाई नाव पुकारतात आणि मूल 'हजर' म्हणते; इंग्रजी शाळेत 'येस मिस' म्हणते, इतकाच फरक. सेरेब्रल पाल्सीमुळे, स्वमग्नतेमुळे किंवा आणखी कशामुळे ज्या मुलाच्या तोंडून शब्द उमटत नाहीत, किंवा उमटले तरी समोरच्याला कळत नाहीत, त्याच्या नावापाशी काय होते? बहुधा शेजारचा मुलगा सांगतो, 'आलाय बाई.' बाई खूण करतात आणि पुढचे नाव घेतात. यात कुणाचा दोष नाही. हजेरीपट खरा आहे, काम झाले आहे. पण त्या दिवसातले त्या मुलाबद्दलचे पहिले विधान दुसऱ्या कुणी तरी केलेले असते, आणि शाळा सुटेपर्यंतची उरलेली विधानेही दुसरेच करणार असतात: त्याला पाणी हवंय, त्याला कळलंय, तो दमलाय. अशा मुलांना शाळेत आधार देणारे जे व्यावसायिक आहेत, म्हणजे स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक, वर्गशिक्षक आणि मदतनीस, त्यांच्या कामाविषयी मला आज बोलायचे आहे. या सर्वांची मेहनत आज मुलावर खर्च होते. माझ्या मते तिचा मोठा वाटा मुलाभोवतीच्या माणसांवर खर्च व्हायला हवा. मुलाच्या हाती बोलण्याचे साधन दिले आणि ते बोलणे ऐकणारे कुणी तयार केले नाही, तर ते साधन दप्तरातच राहते.

या क्षेत्राला 'पूरक आणि पर्यायी संवाद' असे भारदस्त नाव आहे. त्यात काम करणारे नुसते 'एएसी' म्हणतात. हावभाव, नजरेने दाखवणे, चित्रांचा फलक, अक्षरांचा तक्ता, बोट लावताच बोलणारे टॅब्लेटवरचे अ‍ॅप, हे सगळे त्यात येते. थोडेफार बोलणे असेल तर त्याला जोड म्हणून, नसेलच तर त्याच्या जागी. आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात या विषयाचे एकच चित्र असते, खुर्चीत बसलेल्या स्टीफन हॉकिंग यांचे, आणि ते चित्र दिशाभूल करणारे आहे. हॉकिंग यांचा आवाज १९८५ साली शस्त्रक्रियेत गेला तेव्हा ते ४३ वर्षांचे होते, केंब्रिजला प्राध्यापक होते, भाषा त्यांच्यापाशी पुरेपूर होती. तिला बाहेर पडायला वाट तेवढी हवी होती. शिवाय त्यांच्या एकेका वाक्यासाठी सभागृहे शांत बसून राहायला तयार होती. दुसरीतल्या मुलीला मात्र भाषा शिकायची असते, वाचायला शिकायचे असते, साधन हाताळायला शिकायचे असते, आणि हे सारे अशा वर्गात, जिथे तिच्यासाठी कुणी थांबत नाही.

या क्षेत्राचा इतिहास यंत्रांचा म्हणून सांगण्याची पद्धत पडली आहे. पण त्याचा एक ठळक आरंभ शिक्षकांच्या हातून झाला. चार्ल्स ब्लिस हा चेर्नोव्हिट्झ गावात जन्मलेला ज्यू इंजिनिअर. नाझींच्या छळछावण्यांतून सुटून तो शांघायला पोहोचला. तिथे चिनी लिपीने त्याला भुरळ घातली आणि राष्ट्राराष्ट्रांतले गैरसमज मिटवील अशी चिन्हांची एक लिपी त्याने रचली. पुढे ऑस्ट्रेलियात, १९४९ साली, त्याने तिच्यावर ग्रंथ काढला. राष्ट्रांनी त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. १९७१ साली टोरोंटोतल्या अपंग मुलांच्या केंद्रात शर्ली मॅकनॉटन या शिक्षिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ती चिन्हे न बोलू शकणाऱ्या मुलांपुढे ठेवली, आणि मुले चिन्हे जोडून आपले म्हणणे सांगू लागली. ब्लिसला याचा आनंद झाला, पण फार काळ टिकला नाही. शिक्षकांनी आपल्या चिन्हांत केलेले फेरफार त्याला सोसवेनात आणि प्रकरण कोर्टकचेरीपर्यंत गेले. मला त्या भांडणात शिक्षकांची बाजू महत्त्वाची वाटते. चिन्हे त्यांनी जशीच्या तशी दिली नाहीत. समोरचे मूल काय सांगू पाहत आहे हे बघून बदलली, आणि वर्गातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ती वाचता यावीत अशी व्यवस्था लावली. आपल्याकडे मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत, सुधा कौल यांनी १९७४ साली कोलकात्यात आणि पूनम नटराजन यांनी १९८५ साली चेन्नईत ज्या विशेष शाळा उभारल्या, त्यांचेही मोठे बळ हेच होते. वर्ग लहान, आणि आवारातल्या आयांपासून मुख्याध्यापकांपर्यंत फलकावर बोट ठेवले की त्याकडे बघायचे असते हे सगळ्यांना ठाऊक. आज तेच मूल घराजवळच्या जिल्हा परिषदेच्या किंवा खासगी शाळेत जाते, आणि जायलाच हवे. मात्र विशेष शाळेतली ती सवय त्याच्याबरोबर तिकडे जात नाही.

या विषयातल्या अग्रगण्य संशोधक जॅनिस लाइट यांनी १९८९ साली एक मांडणी केली, ती आजही पायाभूत मानली जाते. अशा साधनांनी संवाद करणाऱ्याला चार अंगांनी तयार व्हावे लागते: भाषा येणे, साधन चालवता येणे, कधी कुणाशी काय बोलायचे याचे सामाजिक भान असणे, आणि अडले की वाट काढता येणे. पहिल्या दोन अंगांचा काही भाग थेरपीच्या बंद खोलीत शिकवता येईल. उरलेली दोन तिथे शिकवताच येत नाहीत, कारण ती समोरच्या माणसावर अवलंबून आहेत. मधेच बोलणाऱ्याला थांबवणे, 'तसं नाही म्हणायचं मला' हे सांगणे, चिडवल्यावर उलट चिडवणे, या गोष्टी वर्गातच घडतात. आणि भाषेचेही तसेच आहे. मूल पहिला शब्द साधारण वर्षाचे असताना उच्चारते. त्याआधी ते नुसते ऐकत असते. दिवसाला पाचच तास त्याच्या कानावर बोलणे पडते असे धरले तरी वर्षाचे अठराशे तास होतात. आता चित्रफलकाने बोलू पाहणाऱ्या मुलाकडे बघा. त्याच्या कानावर मराठी पडते, पण फलकावर बोट ठेवून बोलणारे दुसरे कुणी त्याला दिसते का? स्पीच थेरपिस्टकडे आठवड्यातून पाऊण तास, शाळेचे चाळीस आठवडे, म्हणजे वर्षाला तीस तास. याच गतीने अठराशे तास भरायला साठ वर्षे लागतील. हिशोब ढोबळ आहे, पण गफलत कुठे आहे ते त्यातून दिसते. म्हणून या क्षेत्रात मोठ्यांनी स्वतः बोलताना फलकावर बोट ठेवत जाण्यावर भर असतो. बाई म्हणतात 'आता थांब, मग जाऊ', आणि म्हणता म्हणता 'थांब' आणि 'जा' या चित्रांना बोट लावतात. मुलाने लगेच तसे करावे अशी सक्ती नसते. केवळ संवादाच्या जोडीदारांना, म्हणजे शिक्षक, पालक आणि मदतनिसांना, पद्धतशीर प्रशिक्षण दिले असता काय होते याचे एक एकत्रित विश्लेषण २०१५ साली प्रसिद्ध झाले. मुलांचा संवाद वाढतो, असा त्याचा निष्कर्ष आहे.

याउलट नुसते साधन दिले तर काय होते? फिलिप्स आणि झाओ यांनी १९९३ साली अमेरिकेतल्या २२७ अपंग प्रौढांची पाहणी केली. त्यांना मिळालेल्या सहाय्यक साधनांपैकी २९ टक्क्यांहून थोडी अधिक साधने टाकून दिली गेली होती. ही पाहणी सर्व प्रकारच्या साधनांची होती, एकट्या संवादसाधनांची नव्हती, हे लक्षात घेतले पाहिजे. पण टाकून देण्यामागे जी कारणे त्यांना आढळली, त्यांत निवड करताना वापरणाऱ्याचे मत न विचारणे हे एक होते, आणि साधन फार सहज मिळणे हे दुसरे. हे दुसरे कारण आपल्या साहित्य-वाटप शिबिरांनी भिंतीवर लावून ठेवावे असे आहे. वाटपाचा फोटो निघतो, त्यानंतर साधनाचे पुढे काय झाले हे विचारणारा रकाना कुठल्याच अर्जात नसतो.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप पालकांचा असतो, आणि तो काळजातून येतो: चित्रे दाखवायची सवय लागली तर मूल बोलायचा प्रयत्नच सोडून देईल. त्याची टिंगल करू नये. हा प्रश्न पुराव्याने तपासता येतो, आणि तपासला गेला आहे. मिलर, लाइट आणि श्लोसर यांनी २००६ साली १९७५ ते २००३ या काळातल्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यातली काटेकोर पुरावा देणारी २७ व्यक्तींची उदाहरणे वेगळी काढली, तेव्हा एकाचेही बोलणे कमी झालेले दिसले नाही. ११ टक्क्यांत फरक पडला नाही आणि ८९ टक्क्यांत बोलणे वाढले. वाढ अनेकदा थोडी होती, आणि २७ हा आकडा लहान आहे. पण पुढे २०१४ साली कॅसारी आणि सहकाऱ्यांनी पाच ते आठ वर्षांच्या, जवळजवळ न बोलणाऱ्या ६१ स्वमग्न मुलांवर केलेला अभ्यासही त्याच दिशेने बोट दाखवतो. ज्या मुलांच्या उपचारात बोलणारे यंत्र पहिल्या दिवसापासून होते, त्यांचे आपणहून बोलणे अधिक वाढले. म्हणून 'आधी दोन वर्षे बोलण्याचा प्रयत्न करू, मग फलकाचे बघू' हा सल्ला सावधपणाचा वाटला तरी त्याची किंमत मूल मोजते. याच आक्षेपाचे भावंड म्हणजे 'त्याची अजून तयारी नाही'. बोलू शकणाऱ्या बाळाशी बोलण्यापूर्वी आपण त्याची तयारी तपासत नाही, एवढे उत्तर मला पुरेसे वाटते.

दुसरा आक्षेप वर्गशिक्षकांचा आहे, आणि तो अधिक अवघड आहे. पस्तीस मिनिटांची तासिका, अभ्यासक्रम पुरा करायचा, शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला एका शिक्षकामागे तीस मुले सांगितली असली तरी समोर बसलेली पन्नास, आणि वर जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामे. एका मुलासाठी थांबायचे कसे? तोंडाने बोलणारा माणूस मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द बोलतो. फलकावरून किंवा अ‍ॅपवरून बोलणाऱ्याची गती मिनिटाला दोन ते पंधरा शब्दांच्या दरम्यान असते. तेव्हा शिक्षकांची तक्रार खरी आहे. पण तिचा हिशोब मांडून पाहू. मिनिटाला सहा शब्दांनी तीन शब्दांचे उत्तर द्यायला अर्धे मिनिट लागते. प्रत्येक तासिकेला एकदा, आठ तासिका, म्हणजे दिवसाला चार मिनिटे. अडचण बहुतेक वेळा त्या चार मिनिटांची नसते, शांततेच्या धास्तीची असते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात सर्वसाधारण वर्गांचे निरीक्षण केले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंदांवर नेले तेव्हा बोलू शकणाऱ्या मुलांचीही उत्तरे लांबली आणि अधिक मुले उत्तरे देऊ लागली. म्हणजे थांबण्याची सवय एका मुलासाठी लावून घेतली तरी तिचा फायदा वर्गाला होतो. शिवाय ते अर्धे मिनिट रिकामे ठेवायलाच हवे असे नाही. उद्याचा प्रश्न आजच सांगून ठेवता येतो. प्रश्न विचारून झाल्यावर, त्या मुलाची जुळणी चालू असताना दोन इतर उत्तरे घेता येतात. या युक्त्या शिक्षकांना जमतात. त्या सुचवणारा, आणि चुकल्या तर पाठीशी उभा राहणारा माणूस मात्र त्यांना हवा असतो.

तो माणूस थेरपिस्ट असावा, आणि इथे तज्ज्ञांच्या बाजूने एक आक्षेप येतो: शास्त्रीय काम अप्रशिक्षित हातांत द्यायचे का? मुलाला बसवायचे कसे, त्याचे कोणते स्नायू आणि कोणती हालचाल भरवशाची, नजर कितपत स्थिर, हे तपासणे तज्ज्ञाचेच काम आहे, त्यात तडजोड नको. पण फलकावर कोणते शब्द असावेत, या प्रश्नात तज्ज्ञाला वर्गशिक्षिकेची आणि आईचीच मदत लागते, आणि मराठीत तर फारच लागते. २००३ साली बनाजी आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या रोजच्या बोलण्यात वारंवार येणारे शब्द नोंदवले, तेव्हा त्यांत नामे जवळपास नव्हतीच. होते ते 'मी', 'नाही', 'हवं', 'हे', 'अजून', 'जा' यांसारखे छोटे शब्द. आपले फलक मात्र सफरचंद, चेंडू, गाय, बस यांनी गजबजलेले असतात, कारण त्यांची चित्रे सहज मिळतात. असे फलक मुलाला वस्तूंची नावे घ्यायला शिकवतात. नकार द्यायला, बोलावायला, गाऱ्हाणे करायला शिकवत नाहीत. आणि इंग्रजीतून घेतलेला फलक मराठीत नुसता भाषांतरून चालत नाही. इंग्रजीत एका शब्दावर भागते तिथे मराठीला 'नाही' आणि 'नको' हे दोन शब्द लागतात. 'भूक नाही' आणि 'पोळी नको' ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि रोज पोळीवरून हट्ट करणाऱ्या मुलाला हा फरक शाळेत यायच्या आधीपासून कळतो. 'आपण' आणि 'आम्ही' यांचेही तसेच. 'आपण खेळूया' यात समोरचा येतो, 'आम्ही खेळतोय' यात तो बाहेर राहतो; मैत्रीचे आणि कट्टीचे सगळे राजकारण या दोन शब्दांत आहे. 'मी जातो' आणि 'मी जाते' यांतला फरक यंत्रात घातला नाही, तर मुलगी वर्षभर पुल्लिंगात बोलत राहते आणि वर्ग हसत राहतो. 'घर' या चित्रावरून 'घरात', 'घरी', 'घराकडे' कसे काढायचे? दुसरीकडे मराठीची एक सोयही आहे: 'दे ना', 'झालं', 'नको', 'बघ की' ही एकदोन शब्दांची वाक्ये पूर्ण आणि शुद्ध आहेत, तुटकी नाहीत. 'च' आणि 'ना' यांना फलकावर स्वतंत्र चौकट द्यावी असे मी म्हणेन, मग 'मीच' म्हणायची सोय होते. हे बारकावे इंग्रजी पाठ्यपुस्तकांत सापडणार नाहीत. आणि घरी अहिराणी, मालवणी किंवा गोंडी बोलली जात असेल तर ते थेरपिस्टलाही कुणी तरी सांगावे लागेल. मुंबईच्या आयआयटीने केलेले 'जेलो' हे मोफत अ‍ॅप मराठीत मिळते, चेन्नईत तयार झालेले 'आवाज' भारतीय भाषांकडे लक्ष देऊनच बनले, आणि कार्डबोर्डवर चिकटवलेल्या चित्रांना तर पैसेच लागत नाहीत. तेव्हा अडते ते पैशांपाशी कमी, शब्दांपाशी जास्त.

शब्द कोण निवडतो हा प्रश्न शेवटी अधिकाराचा आहे. फलक बनवणाऱ्या मोठ्यांना 'धन्यवाद' आणि 'शौचाला जायचे' आठवते. 'मारलं', 'दुखतंय', 'हात लावू नको', 'खोटं बोलतोय' हे आठवत नाही, शरीराच्या सर्व भागांची नावे तर नाहीच. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात पसंतीच्या संवादमार्गाने साक्ष नोंदवण्याची सोय करण्याचे बंधन आहे. पण फलकावर शब्दच नसेल तर त्या तरतुदीचा त्या मुलाला काही उपयोग नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. ऐकणाऱ्यांना एवढे महत्त्व दिले, तर ऐकणारेच बोलू लागतील त्याचे काय? हा आक्षेप काल्पनिक नाही. १९९०च्या दशकात अमेरिकेत अपंग व्यक्तीचा हात धरून तिला टंकलेखन करायला 'मदत' करण्याची एक पद्धत लाटेसारखी पसरली. मग चाचण्या झाल्या. मदतनिसाला एक चित्र आणि त्या व्यक्तीला दुसरे चित्र दाखवले, तेव्हा कागदावर उमटले ते मदतनिसाने पाहिलेल्या चित्राचे नाव. मदतनीस लबाड नव्हते. त्यांच्या बोटांना त्यांच्याही नकळत सगळे ठाऊक होते. अमेरिकेतल्या वाचा-उपचारतज्ज्ञांच्या संघटनेने ही पद्धत नाकारली आहे, आणि २०१८ साली तिच्यासारख्याच दुसऱ्या एका पद्धतीविरुद्धही इशारा दिला आहे. म्हणून ऐकणाऱ्यांच्या शिक्षणातला पहिला धडा हा की मुलाचा हात धरायचा नाही. दुसरा, आपण लावलेला अर्थ मुलाकडून पडताळून घ्यायचा: 'तुला असं म्हणायचंय का?' असे विचारून त्याचे 'हो' किंवा 'नाही' येईपर्यंत थांबायचे. हात न धरताही मुलाच्या वतीने बोलणे घडते, आणि ते तर अधिक सार्वत्रिक आहे. मायकेल जियांग्रेको आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली अमेरिकन शाळांत पाहिले की मदतनीस सतत शेजारी चिकटून बसला की वर्गशिक्षक त्या मुलाची जबाबदारी त्याच्यावर सोडून देतात, सोबती दूर राहतात आणि मूल परावलंबी होते. आपल्या शहरांतल्या 'शॅडो टीचर'च्या व्यवस्थेला हे तंतोतंत लागू पडते. मुलाला बोलता यावे म्हणून नेमलेली ताई हळूहळू त्याच्या वतीने बोलू लागते, आणि सगळे निश्चिंत होतात. तिने बसायचे कुठे, उठून कधी जायचे, मुलांनी तिला विचारलेला प्रश्न परत मुलाकडे कसा वळवायचा, हे कुणी तरी तिला शिकवायला हवे. या ताईला बहुधा शाळेतला सर्वांत कमी पगार असतो आणि प्रशिक्षणाची पत्रे तिच्या नावाने कधीच निघत नाहीत.

कायद्याकडे पाहिले तर एक मजेशीर गोष्ट दिसते. २०१६ च्या कायद्याने संवादाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी मार्ग घातले आहेत, ही मोठी गोष्ट. पण सतराव्या कलमात सांकेतिक भाषा आणि ब्रेल येणाऱ्या शिक्षकांबाबत 'प्रशिक्षण द्या आणि नेमा' अशी भाषा आहे, तर पूरक संवादाच्या वापराला 'चालना द्या' असे म्हटले आहे. एका क्रियापदाचा फरक, पण अर्थसंकल्पात पदे उघडतात ती 'नेमा' या शब्दामुळे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले: प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक, पुढे पंधरांमागे एक. हे प्रमाण गाठले तरी त्या शिक्षकाला फलक वापरता येतो का हा प्रश्न उरतोच. थेरपिस्ट तर बहुतेक जिल्ह्यांत जिल्ह्याच्या ठिकाणीच भेटतात. अशा टंचाईत त्यांचा पाऊण तास मुलाला खोलीत घेऊन बसण्यात घालवणे परवडत नाही. महिन्यातून एक दिवस त्यांनी वर्गात बसावे, परिपाठ, मधली सुट्टी आणि एक तासिका पाहावी, बाईंशी आणि ताईंशी बोलावे, चार सोबत्यांना फलक वापरायला शिकवावे, आणि तो दिवस त्यांच्या कामाच्या नोंदवहीत मुलाच्या उपचाराचा दिवस म्हणूनच लिहिला जावा. आज तो तसा लिहिता येत नाही, कारण नोंदवहीत रकाना 'लाभार्थी'चा असतो आणि तिथे बाईंचे नाव बसत नाही.

आणि मग जून येतो. इयत्ता बदलते, बाई बदलतात, फलक नव्या वर्गात जातो, पण तो वाचण्याची वर्षभराची कमाई जुन्या बाईंच्या डोक्यात राहते. एप्रिलमध्ये निकालपत्रासोबत एक पान लिहून नव्या शिक्षकांच्या हाती देण्याची पद्धत कुठल्याही शाळेला शासन-निर्णयावाचून पाडता येईल. त्या पानावर काय असावे? 'हो' कसे म्हणतो: डोळे वर करून. 'नाही' कसे: मान डावीकडे. किती थांबावे लागते: तीस सेकंद, सोमवारी आणि पावसाळ्यात जास्त. दमल्यावर कोणत्या बाजूचे शब्द सुटतात. कुणाशेजारी बसायला आवडते. आणि बाईंना चिडवायचे असले की फलकावरच्या कोणत्या चित्रावर बोट ठेवतो.